वाचक विचारतात : रोमची नळजोडणी, धान्यवाटप, पंचांग आणि नाणी

रोमन साम्राज्यावरच्या विशेषांकानंतर पुष्कळ पत्रं आली. बरीचशी सम्राटांच्या भानगडींबद्दल आणि ग्लॅडिएटरांबद्दल होती. ती सध्या बाजूला ठेवली आहेत. कारभार, हिशेब आणि मोजमाप यांविषयी विचारणाऱ्या वाचकांना आधी उत्तरं देतो.

प्रश्न : रोम शहरात घरोघरी पाण्याची जोडणी होती असं वाचलं. मीटर नसताना कोणाला किती पाणी दिलं हे कसं मोजायचे? पाणीचोरी होत नव्हती का? (पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त अभियंता, सोलापूर)

रोमन लोक पाणी मोजत नव्हते, पाणी ज्या भोकातून येतं ते भोक मोजत होते. ही पद्धत आपल्याला तपशीलवार कळते ती फ्रॉन्टिनस या अधिकाऱ्यामुळे. इ.स. ९७ मध्ये तो रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला आणि कामाची माहिती हाताशी असावी म्हणून त्याने एक टिपणवजा ग्रंथ लिहून ठेवला. मोजमापाचं एकक होतं क्विनारिया, म्हणजे सव्वा अंगुळं व्यासाची नळी. रोमन अंगुळ सुमारे १.८५ सेंटिमीटरचं, तेव्हा व्यास झाला साधारण २.३ सेंटिमीटर.

खासगी जोडणीसाठी सम्राटाचं पत्र लागे. ते घेऊन अर्जदार पाणी खात्याकडे जाई, आणि मंजूर आकाराचं तोंड वितरण टाकीच्या भिंतीत बसवलं जाई. हे तोंड शिशाचं नव्हे, काशाचं. कारण साधं आहे: शिसं मऊ, पाचर ठोकून भोक रुंद करता येतं, कासं दाद देत नाही. तोंडाची लांबी किमान १२ अंगुळं, म्हणजे २२ सेंटिमीटर, आणि त्यावर सरकारी ठसा. पुढची अट तर तुमच्यासारख्या जाणकाराला लगेच पटेल: तोंडाच्या पुढची ५० फूट नळी त्याच व्यासाची असली पाहिजे. लगेच रुंद नळी जोडली तर घर्षण कमी होऊन तेवढ्याच भोकातून जास्त पाणी ओढलं जातं, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. सगळी तोंडं एकाच पातळीवर बसवायचा नियमही त्याच कारणाने. खाली बसवलेलं तोंड जास्त पाणी घेतं, वरचं उपाशी राहतं.

घराकडे जाणारी नळी शिशाच्या पत्र्याची. पत्रा दहा फूट लांबीचा कापायचा, गोल वळवायचा आणि शिवण झाळून बंद करायची. वास्तुकार विट्रुवियस वजनंही देतो: पाच अंगुळं रुंदीच्या पत्र्याची दहा फुटी नळी ६० रोमन पौंड, म्हणजे साडेएकोणीस किलोच्या आसपास. शिशामुळे साम्राज्य बुडालं ही कल्पना मात्र फार ताणलेली आहे. रोमचं बरंचसं पाणी चुनखडीयुक्त, त्यामुळे नळीच्या आत क्षाराचा थर बसे, शिवाय पाणी बहुतेक वेळ वाहतं असे. तरी मातीच्या नळ्यांचं पाणी आरोग्याला बरं, शिशाचं काम करणाऱ्या कारागिरांचे फिके चेहरे बघा, असं विट्रुवियसनेच लिहून ठेवलं आहे.

आता चोरी. फ्रॉन्टिनसने दप्तर उघडलं तर जमेला १२,७५५ क्विनारिया आणि खर्चाला १४,०१८. म्हणजे आलं त्यापेक्षा १,२६३ क्विनारिया जास्त वाटलं! त्याने उगमाशी जाऊन स्वतः मोजलं तेव्हा प्रत्यक्ष आवक दप्तरातल्या आकड्यापेक्षा दहा हजारांच्या आसपास अधिक भरली. मधलं पाणी गेलं कुठे? ठसा नसलेली तोंडं बसवलेली. ठसा असला तरी भोक मंजुरीपेक्षा मोठं. जोडणी व्यक्तीच्या नावावर असे, घराच्या नव्हे. मालक बदलला की जुनी रद्द होऊन नवी मंजुरी लागायची. अशा वेळी पाणीवाले नवं भोक पाडत आणि जुनं न बुजवता त्याचं पाणी परस्पर विकत. सर्वांत धीट प्रकार रस्त्याखालचा: मुख्य नळीला जागोजागी छिद्रं पाडून फरसबंदीखालून दुकानांना पाणी पुरवणारे लोक होते आणि त्यांना त्या धंद्याचंच नाव पडलं होतं. या चोरनळ्या उपटल्या तेव्हा निघालेलं शिसंच लक्षणीय भरलं, असं फ्रॉन्टिनस नोंदवतो. खात्यात ७०० गुलाम कामगार होते, २४० एका पथकात, ४६० दुसऱ्यात. वशिलेबाजीने त्यातल्या अनेकांना खासगी कामाला जुंपलेलं असे.

इ.स.पू. ९ च्या कायद्याने कालवा किंवा नळी फोडणाऱ्याला एक लाख सेस्टर्स (सेस्टर्स हे रोमन नाणं) दंड होता. फ्रॉन्टिनसने तफावतीचं खापर जवळजवळ सगळं चोरीवर फोडलं, पण काही दोष मापातच होता. त्याच भोकातून दाब आणि वेग जास्त असेल तर पाणी जास्त येणार. वेगाचा परिणाम त्याला दिसत होता, पण तो हिशेबात धरण्याची रीत त्याच्यापाशी नव्हती.

दुरुस्तीबद्दलचा त्याचा सल्ला आजही कोणत्याही गवंड्याला मान्य होईल: चुन्याचं काम १ एप्रिल ते १ नोव्हेंबर या काळात करावं आणि त्यातही भर उन्हाळ्यात थांबावं. फार ऊन असेल तर चुना नीट धरण्याआधीच वाळतो, गारठ्यात गोठून फुटतो. कालव्याच्या कमानींच्या दोन्ही बाजूंना १५ फूट जागा मोकळी सोडायची, शहरातल्या भूमिगत कालव्यांना ५ फूट. कारण झाडांची मुळं कमानी आणि भिंती उकलून टाकतात.

प्रश्न : एवढं अवाढव्य साम्राज्य मूठभर अधिकाऱ्यांवर चालत होतं हे खरं का? मग कर कोण गोळा करायचं? (कराड)

खरं आहे, पण त्यात एक मेख आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकात पाच-सहा कोटी लोकसंख्येच्या साम्राज्यात रोमहून प्रांतांत पाठवलेले वरिष्ठ अधिकारी दीडशेच्या आसपास असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांच्या हाताखाली कारकून, हिशेबनीस, सम्राटाचे गुलाम आणि मुक्तगुलाम असत, आणि लष्करातून मागवलेली माणसंही. रोजचा कारभार मात्र गावोगावच्या श्रीमंतांकडे सोपवलेला होता.

प्रत्येक शहराची एक सभा असे, बहुतेक ठिकाणी शंभरेक सभासदांची. सभासद व्हायला मालमत्तेची अट. उत्तर इटलीतल्या कोमम शहरात ती एक लाख सेस्टर्स होती. शहराने भरायचा जमीनपट्टी आणि डोईपट्टीचा आकडा ठरला की तो गोळा करणं या सभेचं काम. तूट आली तर पुढच्या काळात ती सभासदांच्या खिशातून वसूल होऊ लागली. म्हणूनच दुसऱ्या शतकापर्यंत ज्या खुर्चीसाठी चढाओढ होती ती चौथ्या शतकात लोक चुकवू लागले आणि सरकारला त्यांना धरून बसवण्यासाठी कायद्यामागून कायदे करावे लागले.

इजिप्तमध्ये व्यवस्था अधिक बारीक होती. तिथे दर १४ वर्षांनी घरोघर नोंदणी होई, कारण डोईपट्टी लागू व्हायचं वय १४. म्हणजे एका नोंदणीनंतर जन्मलेला मुलगा पुढच्या नोंदणीत हमखास सापडे. मोठ्या फिरस्त्या न्यायबैठकीला तर झुंबड उडे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला एका प्रांताधिपतीकडे एकाच ठिकाणी तीनेक दिवसांत १,८०४ अर्ज आल्याची नोंद पपायरसवर टिकली आहे.

पण गावच्या श्रीमंतांवर सोडून दिलं की काय होतं, तेही पाहा. इ.स. ११० च्या सुमाराला धाकटा प्लिनी बिथिनिया-पोंटस (आजच्या तुर्कस्तानचा उत्तर भाग) इथे सुभेदार म्हणून गेला. त्याची आणि सम्राट ट्रेजनची पत्रं उपलब्ध आहेत. निकोमीडिया शहराने कालव्यावर ३३,१८,००० सेस्टर्स खर्च करून काम अर्धवट टाकलं, दुसऱ्या कालव्यावर आणखी दोन लाख घातले, आणि पाणी नाहीच. नायसियात नाट्यगृहावर एक कोटीच्या वर खर्च झाला आणि इमारतीला तडे गेले. प्लिनीला संशय होता की जमीन ओलसर आणि भुसभुशीत आहे किंवा दगडच ठिसूळ आहे. त्याने रोमहून मोजणीदार मागितला. ट्रेजनचं उत्तर असं की इथल्या कामांनाच मोजणीदार पुरत नाहीत, विश्वासू माणसं प्रत्येक प्रांतात सापडतात, तिथेच शोध.

निकोमीडियात मोठी आग लागली. प्लिनीने १५० जणांचं अग्निशमन पथक उभारायची परवानगी मागितली. ट्रेजनने नकार दिला: लोकांना कोणत्याही नावाने एकत्र येऊ द्या, त्याचा राजकीय गट होतो, साधनं ठेवा, घरमालकांनी आणि जमलेल्या लोकांनी आग विझवावी. रोमन राजवटीला सर्वांत जास्त भीती कशाची होती ते या एका पत्रातून कळतं. आगीपेक्षा संघटना धोक्याची!

हे सगळं निभत होतं ते पाठीशी सैन्य होतं म्हणून. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात २८ लीजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) होत्या, इ.स. ९ मध्ये जर्मनीत तीन गारद झाल्यावर २५ उरल्या. लीजनमध्ये सुमारे पाच हजार माणसं आणि जवळपास तितकंच साहाय्यक दळ. साध्या शिपायाला वर्षाला २२५ डेनारियस (चांदीची नाणी), सम्राट डोमिशियनने ते ३०० केले. साहाय्यक दळातल्या परप्रांतीयाने २५ वर्षं नोकरी केली की त्याला नागरिकत्व मिळे, आणि ते काशाच्या दोन पत्र्यांवर कोरून दिलं जाई. असे कित्येक पत्रे आज संग्रहालयांत आहेत.

प्रश्न : रोममध्ये गरिबांना फुकट धान्य मिळायचं. किती मिळायचं, आणि ते पुरायचं का? (परभणी)

‘गरिबांना’ हा शब्द आधी खोडायला हवा. आपल्या रेशनकार्डासारखी उत्पन्नाची अट तिथे नव्हती. रोम शहरात राहणारा प्रौढ पुरुष नागरिक एवढीच पात्रता. परदेशी, गुलाम, बायका यांना नाही. इ.स.पू. १२३ मध्ये जनतेचा प्रतिनिधी असलेल्या गायस ग्रॅकसने हा कायदा केला तेव्हा कडाडून विरोध करणारा माजी कॉन्सल (रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी) पिसो पुढे स्वतःच धान्य घ्यायला रांगेत आला. ग्रॅकसने विचारल्यावर म्हणाला, माझी मालमत्ता तू वाटू नयेस हेच बरं, पण वाटतोच आहेस तर माझा हिस्सा मी घेणार.

सुरुवातीला धान्य स्वस्त दराने मिळे, एका मोडियसला (धान्याचं माप) सहा पूर्णांक एक तृतीयांश आस (कमी किमतीचं नाणं). इ.स.पू. ५८ पासून ते फुकट झालं. लाभार्थी वाढत ३,२०,००० वर गेले. सीझरने यादी तपासून १,५०,००० वर आणली. ऑगस्टसच्या काळात ती दोन लाखांच्या थोडी वर स्थिरावली.

माणशी महिन्याला पाच मोडियस गहू, म्हणजे सुमारे ३३ किलो. केटो या रोमन लेखकाच्या शेतीविषयक ग्रंथात शेतावर राबणाऱ्या गुलामाला हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात साडेचार मोडियस द्यावेत असं आहे. तेव्हा पाच मोडियस एका माणसाला पुरून थोडे उरत, कुटुंबाला मात्र पुरत नसत. शिवाय मिळे तो गहू. दळण, भाजणावळ, सरपण, तेल, घरभाडं सगळं पदरचं. भाकरीसाठी तरी काम करावंच लागे. ऐतखाऊ रोमन जनतेचं जे चित्र रंगवलं जातं ते या आकड्यांपुढे टिकत नाही. गव्हाऐवजी थेट भाजलेला पाव देण्याची पद्धत तिसऱ्या शतकात, सम्राट ऑरेलियनच्या वेळी आली.

खरी अडचण होती वाहतुकीची. गहू यायचा इजिप्त, उत्तर आफ्रिका, सिसिलीतून, आणि टायबर नदीच्या मुखाशी सुरक्षित बंदर नव्हतं. इ.स. ५१ मध्ये टंचाई झाली तेव्हा भर चौकात लोकांनी सम्राट क्लॉडियसला शिव्या देत पावाच्या तुकड्यांनी मारलं. त्याच्या कारकिर्दीत ऑस्टियाजवळ नवं बंदर बांधलं गेलं, वादळात झालेलं नुकसान सरकार भरून देईल अशी हमी व्यापाऱ्यांना मिळाली, आणि दहा हजार मोडियस (६५-७० टन) वाहणारं जहाज बांधून सहा वर्षं रोमला धान्य आणणाऱ्या लॅटिन दर्जाच्या (म्हणजे अपुरे नागरी हक्क असलेल्या) माणसाला पूर्ण नागरिकत्व. तरी इ.स. ६२ मध्ये त्याच बंदरात नांगरलेली दोनशेच्या आसपास जहाजं वादळाने फुटली. फार मोठं, उघडं बंदर. आत शिरलेल्या लाटा अडवायला काही नव्हतं. नंतर ट्रेजनने त्याच्या आतल्या बाजूला षट्कोनी गोदी खणली ती याचसाठी.

प्रश्न : संग्रहालयात रोमन कबरींवरचे लेख पाहिले. नाव, बापाचं नाव, आडनाव अशी आपल्यासारखीच रचना दिसते. ती वाचायची कशी? (लंडन)

साम्य आहे, पण क्रम वेगळा. पूर्ण नाव असं चालतं: स्वतःचं नाव, कुळाचं नाव, मग बापाचं नाव, मतदारगट, आणि शेवटी घराण्याचं किंवा टोपणवजा नाव. सिसेरोचं लेखातलं नाव ‘मार्कस टुलियस, मार्कसचा मुलगा, कॉर्नेलिया गटातला, सिसेरो’ असं होईल. स्वतःची नावं इतकी मोजकी होती, प्रचारात वीसही नव्हती, की ती एकदोन अक्षरांनीच लिहीत: ‘एम’ म्हणजे मार्कस, ‘सी’ म्हणजे गायस, ‘सी-एन’ म्हणजे ग्नेयस.

लेखात दोन नावांच्या मध्ये येणारं अक्षर नीट बघा. बापाच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर हा जन्मतः स्वतंत्र, अमक्याचा मुलगा. ‘एल’ असेल तर हा अमक्याने मुक्त केलेला गुलाम. मुक्त झालेला गुलाम मालकाचं नाव आणि कुळ घेई, आपलं जुनं नाव शेवटी ठेवी. सिसेरोचा लेखनिक टिरो इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त झाला आणि मार्कस टुलियस टिरो झाला.

मुलींना बहुधा स्वतंत्र नावच नसे: टुलियस कुळातली ती टुलिया, जुलियस कुळातली ती जुलिया. दोन बहिणी असतील तर थोरली आणि धाकटी. लग्नानंतर मात्र नाव बदलत नसे. ‘ऑरेलियस’ नावाचे फारच लोक दिसले तर लेख इ.स. २१२ नंतरचा असण्याची शक्यता धरा; त्या वर्षी सम्राट काराकालाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं आणि लाखो नव्या नागरिकांनी त्याचं कुळनाव उचललं.

गुलाम मुक्त करायलाही नियम होते. मृत्युपत्राने किती सोडता येतील याचं कोष्टक इ.स.पू. २ च्या कायद्यात आहे: ३ ते १० गुलाम असतील तर निम्मे, ३० पर्यंत तिसरा हिस्सा, १०० पर्यंत चौथा, ५०० पर्यंत पाचवा, आणि काही झालं तरी शंभराहून अधिक नाहीत. मुक्तीवर किमतीच्या ५ टक्के कर. मुक्त झालेल्याला शहराच्या सभेत बसता येत नसे, पण मुक्तीनंतर झालेल्या त्याच्या मुलाला येई. कबरींवर दिसणारे मुक्तगुलाम बहुतेक घरकाम, व्यापार, कारागिरीतले आहेत. खाणींत आणि मोठ्या शेतांवर राबणाऱ्यांच्या नशिबी मुक्ती क्वचितच आली. कोरीव कबर तर नाहीच.

प्रश्न : रोमन पंचांगात अधिक महिना होता का? ग्रंथांत येणाऱ्या रोमन तारखा आजच्या तारखेत कशा बदलायच्या? (म्हापसा, गोवा)

होता. सीझरच्या आधी वर्ष ३५५ दिवसांचं: मार्च, मे, क्विन्टिलिस (आताचा जुलै) आणि ऑक्टोबर ३१ दिवसांचे, फेब्रुवारी २८ चा, बाकीचे सगळे २९ चे. ऋतूंशी मेळ राखायला वर्षाआड फेब्रुवारी २३ किंवा २४ दिवसांवर तोडून पुढे २७ दिवसांचा जादा महिना घालायचा. चार वर्षांची सरासरी ३६६.२५ दिवस येते, म्हणजे वर्षाला एक दिवस जास्त. ही चूक सुधारता येण्याजोगी होती. घोळ वेगळाच झाला: जादा महिना घालायचा की नाही हे पुरोहितमंडळ ठरवे, आणि पुरोहित हेच राजकारणी. आपला माणूस पदावर असेल तर वर्ष लांबवायचं, विरोधक असेल तर नाही. आपल्याकडे अधिक मास संक्रांतीवरून गणिताने ठरतो, कोणाच्या मर्जीवर नाही. रोमनांचे महिने तर चंद्रापासून केव्हाच सुटलेले होते.

सीझरने इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं केलं: ३५५, अधिक फेब्रुवारीतल्या जादा महिन्याने वाढलेले २३ दिवस, अधिक नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये ६७ दिवस. पुढच्या वर्षापासून ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा. सीझरच्या खुनानंतर पुरोहितांनी ‘दर चौथं वर्ष’ दोन्ही टोकं धरून मोजलं आणि दर तीन वर्षांनी दिवस घातला. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस पडले. ऑगस्टसने तीन लीप दिवस गाळून हे निस्तरलं.

तारीख बदलण्यासाठी महिन्यातले तीन टप्पे लक्षात ठेवा. कॅलेंड्स म्हणजे १ तारीख. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर यांत नोन्स ७ ला आणि आयड्स १५ ला. इतर महिन्यांत ५ ला आणि १३ ला. इतर दिवस पुढच्या टप्प्याला किती उरले असे उलटे मोजतात, आणि दोन्ही टोकांचे दिवस धरतात. म्हणून गणित असं: नोन्स किंवा आयड्सच्या आधीची तारीख असेल तर त्या टप्प्याच्या तारखेत १ मिळवून दिलेला आकडा वजा करा. कॅलेंड्सच्या आधीची असेल तर आदल्या महिन्याच्या एकूण दिवसांत २ मिळवून वजा करा.

उदाहरणार्थ, प्लिनीच्या पत्राच्या प्रचलित पाठानुसार व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट इ.स. ७९ मध्ये सप्टेंबरच्या कॅलेंड्सआधी नवव्या दिवशी झाला. ऑगस्टचे ३१, अधिक २, वजा ९: २४ ऑगस्ट. २०१८ मध्ये, या स्फोटात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख मिळाली, नोव्हेंबरच्या कॅलेंड्सआधी सोळावा दिवस. ऑक्टोबरचे ३१, अधिक २, वजा १६: १७ ऑक्टोबर. कोळशाचं लिखाण फार काळ टिकत नाही, म्हणून स्फोट ऑक्टोबरअखेरीस झाला असावा या मताला त्यामुळे बळ मिळालं.

नेहमी होणारी गफलत दोन ठिकाणी. वजाबाकीसाठी पुढचा महिना धरला जातो; धरायचा आदला. आणि इ.स.पू. ४६ च्या आधीच्या तारखांना आजचे महिन्यांचे दिवस लावले जातात; तिथे जानेवारी २९ चाच धरायला हवा.

प्रश्न : घरातल्या जुन्या डब्यात रोमन वाटावं असं चांदीचं नाणं आहे. खरं-खोटं कसं ओळखावं? महाराष्ट्रात रोमन नाणी सापडतात का? (पैठण)

तुमच्या गावाचा रोमशी व्यापार होता यात शंका नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर आणि तेर (तगर) तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचं म्हटलं आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांनी भडोचला जाई. सोपारा, कल्याण, चौल यांचीही नावं आहेत. कल्याणला उतरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४४-४५ च्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती निघाली, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर यवन दात्यांची नावं आहेत.

तरीही रोमन नाण्यांचे मोठे साठे आंध्र, तमिळनाडू, केरळमध्ये मिळाले, आपल्याकडे कमी. इथे आलेली चांदी बहुधा वितळवून स्थानिक राजांची नाणी पाडली गेली. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारला होता. नहपानाच्या नाण्यावर राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं असतात, त्यामुळे घरात ‘रोमन’ समजून ठेवलेलं नाणं क्षत्रपांचं निघण्याची शक्यता आधी तपासा. मागच्या बाजूला ब्राह्मी अक्षरं दिसली तर ते रोमन नाही.

खरा डेनारियस १८-१९ मिलिमीटरचा, पूर्ण गोल नसतो. ऑगस्टस आणि टायबेरियसच्या काळी एका रोमन पौंडाला ८४ नाणी पाडत, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम, झिजून ३.६-३.८ भरतं. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडाला ९६ केली आणि चांदीही कमी केली. भारतीय व्यापाऱ्यांना हे कळत असावं, कारण इथल्या साठ्यांत जुनी, चोख नाणीच भरपूर. दोन प्रकार फार आढळतात: ऑगस्टसचं, मागे गायस आणि लुसियस हे त्याचे वारस ढाली-भाले घेऊन उभे, आणि टायबेरियसचं, मागे बसलेली स्त्री. मुखवट्यावर छिन्नीचा घाव असेल तर दचकू नका, भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर असे घाव बऱ्याचदा दिसतात.

घरी करता येण्याजोगी चाचणी घनतेची. ०.०१ ग्रॅम मोजणारा काटा घ्या. नाणं कोरडं तोला. मग बारीक दोऱ्याने, पेल्याला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवून तोला. बुडबुडे चिकटले तर हलवून काढा, नाहीतर आकडा कमी येतो. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागा. ३.८० आणि ३.४३ आलं तर फरक ०.३७, घनता १०.३, नीरोपूर्व डेनारियसला हे जुळतं. ९ च्या आसपास आली तर आत तांबं आहे. पण तांब्यावर चांदी चढवलेली खोटी नाणी रोमन काळातही होती, तेव्हा तेवढ्यावरून नाणं आधुनिक ठरत नाही. लोहचुंबकाचा उपयोग फक्त लोखंडी नकल ओळखायला. भिंगाखाली कडेला सलग शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक फुगे दिसले तर नाणं ओतीव आहे. अस्सल नाणी ठोकून पाडलेली असत.

चिंच, लिंबू, राख, दंतमंजन काहीही लावू नका. काळा थर गेला की अभ्यासाला उपयोगी खुणा जातात आणि किंमतही. नाणं जमिनीत सापडलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. वारसाने आलं असेल तरी शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, वजन आणि व्यास एवढं घेऊन राज्य पुरातत्त्व विभागाच्या संग्रहालयात जा. तेर तुमच्यापासून फार लांब नाही.